सतरा-सत्तर

काकाजी तुमच्याही ओळखीचे असतील. नसतील तर तुम्ही बँकेत जाणं सोडून सगळं मोबाईलवर उरकत असाल. रांगेत ते आपल्या पुढे असतात, नेहमी पुढेच. हातात साडीच्या दुकानाची थैली, थैलीत पासबुकं, झेरॉक्सचा गठ्ठा आणि (हे मात्र फक्त आमच्या कन्हानच्या काकाजींचं) स्वतःचं स्टॅम्प पॅड. 'शाई वाळली आहे' म्हणत बाबूने एकदा अर्जावर आवकचा शिक्का मारायचं टाळलं होतं, तेव्हापासून.

"साहेब, हे सतरा-सत्तर कायचे कापले?"

एसएमएसचे. तिमाहीचे १५ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे २ रुपये ७० पैसे. हा हिशेब दारावरच्या गार्डलासुद्धा पाठ झालाय. काकाजींना तर झोपेतही येतो. तरी विचारतात, कारण रिझर्व्ह बँकेनं २०१३ सालीच सांगून ठेवलंय की एसएमएसचे पैसे प्रत्यक्ष वापराप्रमाणे घ्या. "तीन महिन्यात मले एकच एसेमेस आला, साहेब. सतरा-सत्तर कापल्याचा."

इथवर ठीक होतं. पुढे काकाजींनी ते चलनच करून टाकलं. तारसा रोडवर भाजीवाल्या बाईनं वांग्यांचा भाव सांगितला की "म्हंजे दोन सतरा-सत्तर". माझ्या पुतण्याच्या लग्नात आहेराची वही माझ्याकडे होती. ५०१ रुपयांचं पाकीट देत काकाजी म्हणाले, "अठ्ठावीस सतरा-सत्तर, अन् वरते पाच रुपये चाळीस पैसे. लिहून ठेवा." मी हिशेब करून पाहिला. बरोबर निघाला, याचाच जास्त राग आला.

खरा तमाशा खातं बंद करताना झाला. काकाजी वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या) खुल्या कोळसा खदानीतून रिटायर झालेले. पगार जमा होणं थांबलं आणि झिरो बॅलन्सचं पगारखातं कोणालाही न सांगता साधं बचत खातं झालं. पेन्शन येते दुसऱ्या बँकेत. इकडे किमान शिल्लक नाही म्हणून दंड, दंडावर जीएसटी, खातं शून्यावर. अर्ज, एटीएम कार्ड, उरलेले चेक, सगळं घेऊन काकाजी खिडकीशी गेले. उत्तर मिळालं, आधी राहिलेला दंड भरा, मग बंद करू.

"म्हंजे मयतानं आधी आंघोळ करून लायनीत यावं?"

पूर्ण शाखा हसली. मॅनेजर हसला नाही, कारण थैलीतून पुढचा कागद निघाला होता. १ एप्रिल २०१५ पासून नियम असा आहे की नुसत्या किमान शिल्लकेच्या दंडापायी बचत खातं उणे होता कामा नये, आणि दंडही जेवढी रक्कम कमी पडली त्या प्रमाणातच घ्यायचा. मॅनेजर म्हणाला, "सिस्टिम घेत नाही, काकाजी." सिस्टिमला कापता येतं, बंद करता येत नाही.

मी एकदा वैतागून बोललो, "एवढ्याशा पैशासाठी कशाला?" काकाजींनी मला तिथंच धरलं. त्यांची बँक वेगळी, पण दाखला दिला स्टेट बँकेचा. २०१७ मध्ये एप्रिल ते नोव्हेंबर, या आठ महिन्यांत किमान शिल्लकेच्या दंडापोटी जमा झाले १,७७१ कोटी. त्या वर्षीच्या जुलै-सप्टेंबर तिमाहीत बँकेला जेवढा नफा झाला, त्याहून जास्त. २०२० मध्ये तिनं तो दंड रद्द केला. "एवढुसे एवढुसेच असतेत, भाऊ. मोठे कापले असते तं तुम्हीबी भांडले असते." मला उत्तर सुचलं नाही. रकमा आपल्याला लाज वाटेल इतक्याच लहान असतात, हे मात्र खरं.

आता न सांगण्यासारखी गोष्ट. काकाजी खदानीत हाजरीबाबू होते. पाळीला पाच मिनिटं उशीर झाला की यांच्या लाल पेनानं नागा लागायचा. ज्यांची रोजी त्यांनी कापली, त्यांच्याच बायका आज बचत गटाची पासबुकं घेऊन त्यांच्या ओसरीवर बसलेल्या असतात, आणि काकाजी चष्मा पुसत एकेक ओळ वाचतात, अर्ज लिहून देतात, पैसे घेत नाहीत. एका संध्याकाळी मी खवचटपणे जुन्या लाल पेनाची आठवण काढली. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी कापत होतो तवा कोनी विचारालेच नाही आलं. आले असते तं रजिस्टर दाखवलं असतं." अर्ज पुरा केला, आणि त्या दिवशी सतरा-सत्तरचं नावसुद्धा काढलं नाही.

महिनाभर बँकेनं लेखी उत्तर दिलं नाही म्हणून तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे गेली. दंड माफ झाला, खातं बंद झालं. माणूस डोक्याला ताप आहे, पण अख्ख्या गावात 'कायचे?' एवढं विचारणारा तोच एक आहे.

तुमचंही एखादं जुनं पगारखातं कुठे पडलं असेल तर पासबुक छापून घ्या, बँकेला लेखी तक्रार द्या, ३० दिवस थांबा, मग लोकपालाकडे जा. चौकशीचा नंबर १४४४८, फी काही नाही. काकाजींकडून अर्ज लिहून घ्यायचा असेल तर मात्र सकाळी या. दुपारी ते बँकेत असतात.