आंब्याकडे

अमेरिकेत वसंतात मोरेल नावाची अळंबी हुडकायला निघालेले लोक आधी वर बघतात. मरायला टेकलेला, साल सुटू लागलेला एल्म दिसला की मगच खाली वाकतात. हिमाचलात गुच्छी वेचणाऱ्यांची नजरही देवदाराच्या आसपास भिरभिरते. झाड ओळखलं की अर्धं काम झालं.

कुडाळात हे चालायचं नाही. ऐन, किंजळ, कुंभा इथलं शेंबडं पोरही ओळखतं. पण आमच्या अळम्यांना झाडाचं सोयरसुतक नाही. त्यांना हवी वाळवी. पालापाचोळा, सुकं लाकूड खाऊन ती पोटातून बाहेर टाकते, वारुळाच्या आत त्याचंच सच्छिद्र पोळं रचते, त्यावर बुरशी वाढवते आणि ती खाऊन जगते. सुमारे ३ कोटी वर्षं ही शेती चालू आहे, तीही अनुदानाशिवाय. पाऊस चांगला मुरला की त्याच बुरशीला वर छत्र्या फुटतात. फ्रेंच संशोधक रॉजे हाइम यांनी १९४२ साली या बुरशीला टर्मिटोमायसिस असं नाव दिलं. तिची व्यापारी लागवड मात्र माणसाला अजून साधलेली नाही.

कोवळ्या अळम्यांचं टोक अणकुचीदार असतं, माती फोडायला. ती उपटायची नाहीत. देठाभोवतीची माती बोटांनी उकरत जायचं. देठ निमुळता होत खाली, पार पोळ्यापर्यंत गेलेला असतो. घाई केली की तो मधेच तुटतो आणि सोबतची म्हातारी काही न बोलता नुसती बघते. ते फार लागतं.

वारूळ फोडायची मात्र कुणाची छाती नाही. इकडे गावोगावी सातेरी देवी वारुळाच्याच रूपात पुजली जाते. वारूळ शाबूत, म्हणून पुढच्या पावसातही अळमी बहुधा तिथेच. आणि म्हणूनच जागा गुपित. ऐन श्रावणात, मासे बंद असताना, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप लावून केलेलं अळम्यांचं सुकं ज्याच्या ताटात पडतं, तो पत्ता कशाला वाटत फिरेल? जमिनीचा दावा, जावयाचं कर्ज, स्वतःची शुगर, सगळं कुडाळचा माणूस एसटी स्टँडवर मोठ्याने सांगेल, हे नाही.

“काकानू, अळमी खय गावली?”

“थय, वायच वयल्या अंगाक.”

“खयच्या झाडाकडे?”

“आंब्याकडे.”

कुडाळ तालुक्यात, आंब्याकडे! वर फुकटचा सल्ला: “होयी तर बाजारात घे. पानात बांधून देतत.”