मडी, माडि आणि मेमरी इंटिग्रिटी

मल्लेश्वरममधल्या मराठी घरात पाहुण्याला एक वेळ चहा मिळणार नाही, पण एकोजीराजांचा शिलालेख हमखास मिळतो. काडु मल्लेश्वराच्या देवळाला शिवाजी महाराजांच्या या सावत्र भावाने १६६९ साली गाव इनाम दिलं, हे इथले काका लोक असं सांगतात की सनदेवर सही त्यांचीच असावी. अशा काकांपैकी एक (नाव कशाला, प्रत्येक क्रॉसवर एक असतातच) इनामाचा नियम कॉम्प्युटरलाही लावतात. एकदा आत आलेल्याला बाहेर काढायचं नाही. वीस वर्षांत तीन प्रिंटर, दोन स्कॅनर आणि एक हार्ड डिस्क घरातून गेली. त्यांचे ड्रायव्हर मात्र वतनदारासारखे जागेवर.

मग एका सकाळी पडद्याच्या कोपऱ्यातल्या, विंडोजच्या सुरक्षेच्या ढालीवर पिवळा त्रिकोण उगवला. मेमरी इंटिग्रिटी बंद आहे, मशीन असुरक्षित असू शकतं. काकांनी बटण दाबलं. ते चालू व्हायला तयार नाही, कारण काय, तर ड्रायव्हर जुळत नाहीत. काकांना नवल वाटलं नाही. बेंगळुरूत मीटरने यायला तयार असलेला ड्रायव्हर त्यांनी शेवटचा कधी पाहिला होता?

सल्ले आले. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्या पोराने त्रिकोणाकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘ऑफ माडि सार.’ नातवाने दुजोरा दिला, बंद ठेवलं की गेम पळतात म्हणे. यातली गंमत अशी की तो अगदीच चुकत नव्हता. खेळाचा वेग हवा असेल तर हे बटण बंद करता येईल, खेळून झाल्यावर पुन्हा चालू करा, असं खुद्द मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये लिहून ठेवलं आहे. पहारेकऱ्याच्या मालकानेच पहारेकऱ्याला डुलकीची परवानगी दिल्यावर नातवाला काय बोलणार!

रविवारी भाची आली. ‘मामा, माडि नाही, मडी,’ ती म्हणाली. माडि म्हणजे करा, आणि मडी म्हणजे आपलं सोवळं. बाकीचं काकूंनी आधी ओळखलं. विंडोज प्रोसेसरच्या मदतीने आत एक वेगळी खोली बांधते आणि कर्नलमध्ये, म्हणजे आपल्या गाभ्यात, शिरणाऱ्या कोडची झडती तिथे घेते. शिवाय मेमरीच्या पानांना सोवळं लागू होतं. कर्नलच्या पानावर एकतर लिहायचं, नाहीतर तिथला कोड चालवायचा. दोन्ही एकदम नाही. जुने ड्रायव्हर लिहिता येणाऱ्या पानावरूनच कोड चालवू पाहतात. काहींची मांडणी ४०९६ बाइटांच्या पानाच्या कडेला धरून नसते, त्यामुळे डेटा आणि कोड एकाच पानात कालवले जातात. सोवळं सुरू केलं तर अशांना आत घेता येत नाही, आणि ऐन सुरुवातीला एखादा ड्रायव्हर अडला तर निळा पडदा. म्हणून विंडोज बटणच अडवून धरते.

‘पण चोर आमच्याकडे कशाला येतील?’ काका.

येतात, आणि ड्रायव्हर सोबत घेऊन येतात. २०२० मध्ये रॉबिनहूड नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने गिगाबाइटचा सही असलेला जुना ड्रायव्हर वापरून आधी अँटिव्हायरसचा गळा दाबला. २०२२ मध्ये गेन्शिन इम्पॅक्ट या खेळातला, लबाडी पकडण्यासाठी बनवलेला ड्रायव्हर चोरांच्या हाती लागला. त्या मशीनवर खेळ असण्याचीही गरज नव्हती. अशा बदनाम ड्रायव्हरांची काळी यादी मायक्रोसॉफ्ट ठेवते. फक्त विंडोज १० च्या मशीनवर ती जवळपास तीन वर्षं ताजी झालीच नव्हती, हे २०२२ च्या ऑक्टोबरात उघडकीला आलं. सरकारी कचेरीतल्या मतदार यादीची आठवण व्हावी.

काकांच्या मशीनवर न जुळणाऱ्या ड्रायव्हरांच्या यादीत दोन नावं निघाली. पहिला, निकालात काढलेल्या हार्ड डिस्कचा. फाइलच्या नावातच ‘प्रीविन८’, म्हणजे विंडोज ८ च्या आधीचा, आणि विंडोज ८ आली २०१२ मध्ये. कंपनीकडे नवा ड्रायव्हर मिळतो का ते आधी बघायचं, पण इथे उपकरणच उरलं नव्हतं. भाचीने रिस्टोअर पॉइंट करून ठेवला, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर होऊन कमांड प्रॉम्प्ट उघडला आणि पीएनपीयूटिल या विंडोजच्याच हत्याराकडून वतनदारांची यादी मागवली. प्रत्येकाच्या नावाची सुरुवात ‘ओईएम’, पुढे एक आकडा, शेवटी ‘आयएनएफ’. त्याच नावाने हकालपट्टीचा हुकूम सुटला. काका तोवर सिस्टिम ३२ मध्ये शिरून फाइल हातानेच उडवायला निघाले होते. काकूंनी माउस काढून घेतला.

दुसरा निघाला जुन्या मराठी डीटीपीच्या डाँगलचा. काका खुर्चीतून उठले. मंडळाचा दिवाळी अंक त्याच्यावर लागतो. युनिकोडमध्ये लावा की, भाची म्हणाली. काकांनी तिच्याकडे एकोजीने आदिलशाही वकिलाकडे पाहावं तसं पाहिलं.

तडजोड झाली. बटण दिवाळीपर्यंत बंद. पिवळा त्रिकोण दिसू नये म्हणून चेतावणीवरचं ‘डिसमिस’ काकांनी स्वतःच्या हाताने दाबलं, आणि अंकाच्या सहाव्या पानावर जाहिरात कुणाची घ्यायची याची चर्चा सुरू झाली. दुरुस्तीवाल्या पोराने अर्धं पान मागितलं आहे.