अंतराळात पतपेढी काढू इच्छिणाऱ्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शन

आधी जागा निवडा. नवशिक्यांनी ‘ईव्ह ऑनलाइन’पासून सुरुवात करावी. रेक्याविकच्या सीसीपी कंपनीने 2003 साली सुरू केलेला हा खेळ. हजारो माणसं एकाच आभासी विश्वात खाणी खणतात, जहाजं बांधतात आणि सवड मिळेल तशी एकमेकांना लुटतात. फसवणूक इथे नियमबाह्य नाही. लेखापरीक्षक नाही, सहकार निबंधक नाही, ठेवींना विमा नाही. भांडवल म्हणून एक लोगो आणि गोड बोलणारा चेअरमन पुरतो. चलनाचं नाव इस्क. आइसलँडच्या खऱ्या क्रोनाचं संक्षिप्त नावही तेच, आणि त्या देशाच्या तीन मोठ्या बँका ऑक्टोबर 2008 मध्ये आठवड्याभरात कोसळल्या. हा विषय ठेवीदारांसमोर काढू नये.

ठेवी कुठे मिळतील? जिताला जा. ही या विश्वातली सर्वांत मोठी बाजारपेठ. तिथे पोहोचताच गप्पांच्या चौकटीत ओळी धावू लागतात : मला कितीही इस्क पाठवा, दुप्पट करून परत देतो. थोडे पाठवलेत तर खरंच दुप्पट येतात. मग तुम्ही जरा जास्त पाठवता, आणि समोरचा गप्प होतो. धंद्याचं सगळं मर्म यात आलं, पण तुम्हाला प्रतिष्ठित संस्था काढायची आहे. तेव्हा संचालक मंडळ नेमा, नियमित अहवाल छापा आणि हेच काम सावकाश करा.

व्याजदर ठरवताना संकोच नको. 2011 साली बुडालेल्या ‘फेजर’ नावाच्या योजनेने आठवड्याला 5 टक्के कबूल केले होते. चक्रवाढीने वर्षाअखेर एका कोटीचे साडेबारा कोटी होतात. लोकांना हिशेब येत नसेल म्हणून ते फसले, असं समजू नका. या खेळातली मंडळी एक्सेलच्या तक्त्यात खनिजांचे भाव मांडून बसलेली असतात. प्रत्येकाला पक्कं ठाऊक असतं की हे बुडणार. आपण आदल्या दिवशी पैसे काढू, एवढाच भरवसा असतो. ‘फेजर’च्या संस्थापकांनी लाख कोटीहून अधिक इस्क खिशात घातले आणि मग स्वतःच तसं जाहीर केलं.

आता कर्जवाटप. हे प्रकरण दोनदा वाचा, कारण चोरी न करण्याचा निश्चय केलेले प्रामाणिक संस्थापकही इथेच बुडतात. कर्ज मागायला आलेला माणूस म्हणजे एक टोपणनाव आणि एक चेहरा. दोन्ही त्याने काही मिनिटांत तयार केलेले. हप्ता थकला की तो हे पात्र टाकून देतो आणि दुसऱ्या नावाने पुन्हा जन्माला येतो. त्याच्या दारात वसुलीला माणूस पाठवावा तर दार नाही. जामीनदार घ्यावा तर तो त्याचंच तिसरं पात्र निघतो. व्याज चढवून धोका भरून काढावा, तर चढ्या व्याजाला होकार देणारा फेडण्याच्या विचारात नसतोच. ज्याला धंदा जमतो तो तुमच्याकडे फिरकत नाही.

मग तारण घ्या. तारणावरचं कर्ज या खेळात खरोखर चालतं. मूळ ब्लूप्रिंट, म्हणजे ज्यावरून जहाजं पुन्हा पुन्हा बांधता येतात तो दस्तऐवज, गहाण टाकायचा आणि त्याच्या किमतीहून कमी रक्कम उचलायची. फेडलं नाही तर ब्लूप्रिंट गेला, भांडण नाही. मात्र गहाण वस्तू कोणाकडे ठेवायची, हा प्रश्न उरतो. क्रिब्बा नावाचा एक खेळाडू अशा मध्यस्थीसाठी प्रसिद्ध झाला. अवाढव्य जहाजांच्या सौद्यात एकाकडून जहाज घ्यायचं, दुसऱ्याकडून पैसे, मग अदलाबदल करून आपली फी ठेवायची. त्याने बँक काढली नाही. शब्द पाळला, एवढंच. आणि या विश्वात ते फार दुर्मीळ असल्याने त्यावर त्याचं नाव झालं. मालवाहतुकीच्या करारात तारणाची रक्कम लिहायची सोय कंपनीनेच दिली आहे. माल पळवलात तर ती रक्कम गमवाल. माझ्या मते खेळाच्या अर्थव्यवस्थेला एवढं बँकिंग पुष्कळ झालं.

हौशी खेळाडूंचं यावर समाधान होत नाही. कंपनीनेच अधिकृत बँक द्यावी, ठेव, व्याज, कर्ज सगळं बटणावर यावं, अशी मागणी होते. अशा वेळी मान डोलवा आणि विचारा, व्याजाचे इस्क आणायचे कुठून? समुद्री, चुकलो, अंतराळी चाचा मारला की खेळ बक्षीस देतो. ते इस्क कोणाच्या खिशातून येत नाहीत, त्या क्षणी छापले जातात. बाजारातले कर आणि शुल्क काही इस्क गिळून टाकतात म्हणून भाव आटोक्यात राहतात. आता कोणी चाचा न मारता नुसतं झोपून व्याज खाणार असेल तर भावांचं काय होईल, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. (सीसीपीने 2007 मध्ये एयोल्फुर गुड्मुंडसन नावाचे अर्थतज्ज्ञ खरोखरच पगारावर नेमले होते.) कंपनीच्या उदारपणाचा एक नमुना विम्यात दिसला. वाटमारी करताना पोलिसांनी जहाज उडवलं तरी लुटारूला भरपाई मिळायची, त्यामुळे वाटमारी स्वस्तात पडायची. ती सोय 2011 च्या अखेरीस काढून घेतली.

आणि वसुली? ती कंपनीने करायची तर पात्र बदललं तरी माणूस सुटता कामा नये. म्हणजे खरं नाव, ओळखपत्र, पत्ता. संध्याकाळी चार घटका चाचेगिरी करायला आलेल्या माणसाला केवायसीचा फॉर्म भरायला लावणार का? ‘एन्ट्रोपिया युनिव्हर्स’ या दुसऱ्या आभासी विश्वाच्या माइंडआर्क कंपनीने हाच सरळ मार्ग धरला; मार्च 2009 मध्ये तिला स्वीडनच्या नियामकाकडून खऱ्याखुऱ्या बँकेच्या परवान्यासाठी प्राथमिक मंजुरी मिळाली. ‘सेकंड लाइफ’ हे आणखी एक आभासी विश्व उलट्या बाजूने तिथेच पोहोचलं. तिथे जुलै 2007 मध्ये जुगारबंदी आली, पैसे काढायला झुंबड उडाली आणि वर्षाला 40 टक्क्यांहून अधिक व्याज देणारी ‘जिंको फायनान्शियल’ ऑगस्टमध्ये बुडाली. ठेवीदारांचे सुमारे साडेसात लाख अमेरिकी डॉलर अडकले. 22 जानेवारी 2008 पासून ‘सेकंड लाइफ’ चालवणाऱ्या लिंडेन लॅबने फर्मान लागू केलं : सरकारी नोंदणीचा पुरावा नसेल तर व्याजाचं आमिष दाखवायचं नाही.

शेवटी, पेढी बंद करण्याविषयी. 2006 मध्ये ‘ईव्ह इंटरगॅलॅक्टिक बँके’च्या कॅलीने 70 हजार कोटींहून जास्त इस्क घेऊन पळ काढला आणि जाता जाता कबुलीचा लांबलचक व्हिडिओ ठेवला. हे शैलीदार. 2009 मध्ये ‘ईबँके’च्या रिकडिकने सुमारे 20 हजार कोटी उचलले आणि बाहेर विकून सुमारे 6,300 ऑस्ट्रेलियन डॉलर केले : घराची अनामत आणि मुलाच्या उपचारांचा खर्च. बातमी फुटताच ठेवीदार धावले. पुढे बँकेने खाती गोठवली, तेव्हा खड्डा चोरीपेक्षा कितीतरी खोल निघाला; बाकीचं काम थकीत कर्जांनी आधीच करून ठेवलं होतं. रिकडिकवर बंदी आली ती चोरीसाठी नव्हे. चोरी नियमात बसते. इस्क खऱ्या पैशांना विकणं बसत नाही. तेव्हा पळून जाताना रक्कम खेळातच खर्च करा. टायटन हे सर्वांत मोठं जहाज, ते घ्या. रोखीने घ्या, कर्ज कोणी देणार नाही.