कागदावर मात्र लाल

आमच्या पार्किंगमध्ये बारा वर्षं एक येझदी उभी होती. मेन स्टँडवर, भिंतीकडे तोंड करून, वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखी. तिच्या सीटवर कोणी रद्दी ठेवी, हँडलला कोणी ओल्या छत्र्या अडकवी, आणि दर दसऱ्याला आई तिला झेंडूचा हार घाली. न चालणाऱ्या वाहनाची पूजा कशाला, असं मी एकदा विचारलं. "देव तरी कुठे चालतो?" आई म्हणाली. विषय संपला.

गेल्या पाडव्याला श्रीखंडाच्या दुसऱ्या वाटीनंतर मी जाहीर केलं की ही गाडी मी स्वतः, घरच्या घरी रंगवणार आणि दसऱ्याला रस्त्यावर आणणार. श्रीखंडानंतर माणसाने काही जाहीर करू नये. बायकोने नुसतं माझ्याकडे पाहिलं. बाबांनी पेपरातून मान वर न करता विचारलं, "कुठल्या दसऱ्याला?"

गाडी बाबांची. १९७६ची येझदी, अडीचशे सीसी, सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. हिची किक आणि गिअर म्हणजे एकच दांडा. आत दाबून उभा केला की किक, पाडला की गिअर. या एका गोष्टीने गाडी आजवर आमच्या घरात टिकवली. वाड्यात राहत होतो तेव्हा एका रात्री चोराने हिचं कुलूप तोडलं. सकाळी गाडी जागेवरच होती आणि शेजारी चार विझलेल्या बिड्या. बिचाऱ्याने रात्रभर किक शोधली असावी.

बातमी सोसायटीत पसरली आणि सल्ले सुरू झाले. तिसऱ्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा मुलगा म्हणाला, "काका, रंगवताय कशाला नुसती? कॅफे रेसर करा." म्हणजे मागची सीट काढायची, चेसिसची शेपटी कापायची, हँडल खाली घ्यायचं आणि टाकीवर पोट टेकवून गाडी चालवायची. माझं पोट टाकीवर टेकायला हँडल खाली घ्यायची गरज नाही, हे मी त्याला सांगितलं नाही. त्याने लंडनच्या एस कॅफेची गोष्ट सांगितली. पन्नास-साठच्या दशकांत तिथली पोरं या कॅफेपासून त्या कॅफेपर्यंत शर्यती लावायची म्हणे. आपल्याकडे कॅफे म्हणजे इराण्याचा. तिथून उठून बन-मस्का खाल्लेला माणूस सुसाट सुटल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. तो आणखी एक चहा मागवतो.

पण मग लक्षात आलं की या हिशेबाने खरी कॅफे रेसर आमचीच आहे. म्हैसूरच्या ज्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ साली चेकोस्लोव्हाकियाच्या धाटणीच्या जावा निघू लागल्या, तो उभा केला रुस्तम आणि फारुख इराणी यांनी. १९७३ पासून त्याच घराण्यातल्या गाडीचं नाव झालं येझदी, इराणातल्या यझ्द शहराची आठवण देणारं. आपल्याकडच्या कितीतरी इराणी हॉटेलवाल्यांची मूळ घरं त्याच भागातली. म्हणजे ब्रून-मस्का आणि येझदी गावकीतले. चेसिस कापायचा बेत मी तिथेच रद्द केला. (कापायचं ग्राइंडर माझ्याकडे नव्हतं, हेही एक कारण.)

प्रश्न उरला रंगाचा. बायकोला हवा होता बेडरूमच्या पडद्यांसारखा फिकट, ज्याचं नाव फक्त तिला आणि पडदेवाल्याला माहीत आहे. लेकीला मॅट काळा. तळमजल्यावरचे निवृत्त काका म्हणाले, "मिलिटरी ग्रीन द्या, रुबाब येतो." घरी येऊन शोधलं तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१वा नियमच समोर आला: ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी. हे सांगितल्यावर काका माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत, जणू नियम मी केला होता.

रंग ठरेना, म्हणून आधी जुना काढायला घेतला. बोहरी आळीतून पॉलिश पेपर आणले. या पेपरचं गणित उलटं असतं. नंबर जितका मोठा तितका पेपर मऊ; ऐंशी नंबर कातडं सोलतो, दोन हजार नंबर गालाला लावावासा वाटतो. मी ऐंशीने टाकीचा डावा गाल घासायला बसलो. बाबा प्लास्टिकची खुर्ची घेऊन शेजारी. मदतीला नव्हे, साक्षीला.

वरचा थर काळा. तो माझा. कॉलेजात असताना गाडी बुलेटसारखी दिसावी म्हणून मी स्प्रेचे दोन डबे एका दुपारी उडवले होते. ती बुलेटसारखी दिसली नाही, जळल्यासारखी दिसली. काळ्याखालून निळा निघाला.

"हा आत्याच्या यजमानांचा," बाबा म्हणाले. "दोन दिवसांसाठी मागून नेली होती. तीन महिन्यांनी आणली ती निळी होऊन. म्हणाले, तेवढीच तुमची सेवा."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलणार? टाकी फुल करून आणली होती."

निळ्याखालून हिरवा आला, आणि बाबा अचानक पंख्याच्या आवाजाबद्दल बोलू लागले. पार्किंगमध्ये पंखा नाही. हिरवा गडद, जाड, ब्रशच्या रेघोट्यांसकट. हा रंग मी कुठेतरी पाहिला होता. आई वरून भाजीची पिशवी घेऊन उतरली, तिने वाकून पाहिलं आणि सांगून टाकलं, "अगंबाई, वाड्याच्या खिडक्या!" वाड्याच्या खिडक्यांना ऑइलपेंट लावल्यावर अर्धा डबा उरला होता. वाया घालवणं बाबांच्या स्वभावात नाही. म्हणजे १९८०च्या सुमाराला माझे वडील सदाशिव पेठेतून खिडकीच्या रंगाच्या मोटारसायकलवरून कचेरीला जात होते, आणि मला आयुष्यभर 'टापटीप' या विषयावर ऐकवत होते.

त्या हिरव्या थरात, टाकीच्या टोपणापाशी, ब्रशचा एक केस अडकलेला होता. पंचेचाळीस वर्षं तिथेच. मी तो नखाने उचकटून बाबांना दाखवला.

"पेंटरची सही असते ती," बाबा म्हणाले. "राहू दे."

हिरव्याखाली लाल. मूळचा, कारखान्याचा, गर्द लाल. घासून घासून टाकीवर लंबगोल कडी दिसू लागली होती, कापलेल्या झाडाच्या बुंध्यावर असतात तशी: मध्ये लाल, भोवती हिरवं, मग निळं, मग काळं. लेकीने फोटो काढला आणि म्हणाली, "असंच ठेव ना." दहा महिन्यांतला सगळ्यात शहाणा सल्ला तो होता आणि मी तो ऐकला नाही.

त्याच रात्री कपाटातून आरसी बुक काढलं. रंगाच्या रकान्यात एकच शब्द: लाल. रंग बदलला तर आरटीओला कळवून बुकात नोंद करून घ्यावी लागते. आमच्या तीन कलाकारांच्या कलेपैकी एकीचीही नोंद नव्हती. खिडकी झाली, जावयाची झाली, जळकी झाली. कागदावर मात्र ती जन्मभर लाल. "नूतनीकरणाला नेत होता ना? तेव्हा कसं चालायचं?" मी बाबांना विचारलं.

"मुठेच्या काठाने न्यायची. चिखलातून गेलं की कुठलीही गाडी चिखलाचीच दिसते."

रंग ठरला. पडदा, मॅट काळा आणि मिलिटरी एकमताने पराभूत.

मग आली टाकी. बाहेरून सोललेली, आतून गंजलेली. उपाय सोपा असतो: पांढरं व्हिनेगर भरून दोन दिवस ठेवायचं, मग मूठभर नट आत टाकून टाकी हलवायची, म्हणजे सुटलेला गंज खरवडून निघतो. मी किराणा दुकानातून पाच लिटर व्हिनेगर आणलं. दुकानदाराने विचारलं, "चायनीजची गाडी टाकताय?" टाकी मांडीवर घेऊन मी गॅलरीत तासभर पुढे-मागे हलत होतो. आतून खळखळ आवाज. बायको दार उघडून म्हणाली, "लोणी आलं की हाक मार." शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारायचं आणि टाकी ताबडतोब वाळवायची, नाहीतर तासाभरात नवा गंज धरतो. ताबडतोब वाळवायला घरात एकच यंत्र होतं. लेकीचा हेअर ड्रायर त्या दिवसापासून केसांना व्हिनेगरचा वास देतो.

पत्र्यावरच्या पोच्यांना लांबी भरायची असते. भिंतीची लांबी नव्हे. ही दोन भागांत येते, राखाडी लगदा आणि ट्यूबमधलं हार्डनर. हार्डनर वाटाण्याएवढं घ्यायचं. मी लिंबाएवढं घेतलं. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात कालवेपर्यंत ते दगड झालं, चमच्यासकट. तो चमचा स्टीलचा होता आणि आईच्या रुखवतातला होता. यावर अधिक लिहिणार नाही.

प्रायमर मारायला कंप्रेसर भाड्याने आणला आणि गच्ची निवडली. महिना एप्रिल. गच्चीवर दुसऱ्या टोकाला दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या कुरडया वाळत होत्या. मी अंतर मोजलं होतं, वारा मोजला नव्हता. रेड ऑक्साइड हा विटकरी रंगाचा प्रायमर गाडीवर छान बसला. कुरडयांवरही छान बसला. काकू सज्जन; काही न बोलता त्यांनी ते ताट आमच्या दारात आणून ठेवलं आणि आईला म्हणाल्या, "गाजराच्या झाल्यात." दुसऱ्या दिवशी लिफ्टशेजारी सूचना लागली: 'गच्चीचा वापर फक्त वाळवण व चंद्रदर्शन यासाठी करावा.' चंद्रदर्शन कुठून आलं ते कळलं नाही.

क्रोम तेवढं बाहेर दिलं. रिमा, सायलेन्सर, हँडल. प्लेटिंगवाल्या चाचांनी मला एक गोष्ट शिकवली: चकाकी क्रोमची नसतेच. खाली तांबं, त्यावर निकेल, आणि वर क्रोमचा अगदी पातळ पदर. तेज निकेलचं, क्रोम फक्त ते राखतो. "पॉलिश चांगलं, तर प्लेटिंग चांगलं," ते म्हणाले, "वरून कितीही चढवा, खालचा खड्डा दिसणारच." ते मला रंगाबद्दल सूचना देत होते हे मला फार उशिरा कळलं.

कळलं ते जुलैत. जुलैचा दुसरा रविवार जगभरचे जावा-येझदीवाले आपला दिवस म्हणून साजरा करतात, गाड्या घेऊन बाहेर पडतात. मी त्या रविवारी पार्किंगमध्ये, गच्चीबंदी असल्याने मच्छरदाणी बांधून, पाऊस धो धो पडत असताना रंग मारत होतो. रंग ड्यूको. गॅरेजमध्ये ज्याला आपण ड्यूको म्हणतो ते मूळचं अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीचं नाव. १९२३ साली जनरल मोटर्सने ते मोटारींना वापरलं तेव्हा लोक थक्क झाले, कारण तोवर मोटार रंगवून वाळायला आठवडे लागत. मला शंभर वर्षांनंतरही आठवडेच लागले.

पहिला हात मारला आणि डोळ्यांदेखत लाल टाकीवर पांढरी धुरी धरली. मला वाटलं माझ्या चष्म्यावर वाफ आली. चष्मा पुसला, धुरी टाकीवर. पावसाळ्यात हे होतंच. थिनर झपाट्याने उडतो, उडताना पत्रा गार करतो, आणि हवेतली ओल त्या गार पत्र्यावर धरते. रंगवाल्याकडे गेलो तर तो म्हणाला, "साहेब, पावसात ड्यूको? रिटार्डर टाका नाहीतर दिवाळीला मारा." रिटार्डर म्हणजे थिनरला जरा दमाने घे म्हणणारं द्रव्य. असं काही माणसांसाठी मिळतं का, हे विचारायचं राहिलं.

पुन्हा घासलं, पुन्हा मारला. धुरी गेली. आता टाकीवर जागोजागी गोल खड्डे पडले, माशाच्या डोळ्यांसारखे. रंग मध्यातून बाजूला सरकत होता, जणू पत्र्याला शिवायची त्याला लाज वाटत होती. हे तेलाने होतं. तेल कुठून आलं? मी टाकी प्रत्येक वेळी स्वच्छ फडक्याने पुसत होतो. फडकं आईने दाखवलेल्या खुंटीवरचं. "ते समईचं आहे," आई म्हणाली. "तुला मी शेजारचं सांगितलं होतं." बोटभर देवाचं तेल रोज पिऊन तयार झालेलं ते फडकं मी चार वेळा टाकीवर फिरवलं होतं.

तिसऱ्यांदा जमलं. म्हणजे संत्र्याच्या सालीसारखं खरबरीत आलं, पण लाल आलं. ते दोन हजार नंबरने पाण्यात घासून गुळगुळीत केलं. वरच्या क्लिअर कोटच्या हार्डनरमध्ये फुप्फुसाला वाईट अशी आयसोसायनेट्स असतात. करोनातला कापडी मास्क लावून गेलो तर रंगवाल्याने हाताने दार दाखवलं आणि मग स्वतःचा फिल्टरवाला मास्क दोन दिवसांसाठी उसना दिला. मी तो दोन दिवसांतच परत केला. आत्याच्या यजमानांमुळे आमच्या घरात उसनवारीबद्दल थोडी भीती आहे.

दसऱ्याला नाही जमलं. गाडी तयार झाली ती माघात, थंडीत, एका रविवारी सकाळी. आईचा दसऱ्याचा हार आधीच घालून झाला होता, तरी पुन्हा घातला. बायको म्हणाली, छान आहे, आणि पडद्यांचा उल्लेख केला नाही. निवृत्त काका दोन फेऱ्या मारून "लालच केलीत" एवढंच म्हणाले. बाबा हळूहळू चालत आले, चष्मा कपाळावरून नाकावर आणला, टाकीवर वाकले आणि टोपणापाशी थबकले. क्लिअर कोटच्या आत, काचेत ठेवल्यासारखा, सहाही पाय पसरून एक डास होता. मच्छरदाणीच्या आतला.

बाबांनी त्यावर बोट फिरवलं. वरून गुळगुळीत होतं.

"सही केलीस वाटतं," ते म्हणाले.

मी दांडा आत दाबला, उभा केला, किक मारली. मारली. पंधरा-वीस मारल्या. दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली, काकूंनी पाहिलं, बंद केली. घामाघूम होऊन मी बाबांकडे पाहिलं. ते खुर्चीत बसले होते, साक्षीला.

"पेट्रोलचा कॉक उघडलास का?"