बार, पीएसआय आणि एक बादली

नवऱ्याला साफसफाईला लावायचं असेल तर त्याच्या हातात घोडा असलेलं काहीतरी द्यावं. फडकं दिलं की त्याची कंबर धरते, झाडू दिला की ऑफिसचा फोन येतो. पण पिस्तुलाच्या आकाराचं, बॅटरीवर चालणारं, घोडा दाबला की सुंऽऽ करून धार सोडणारं यंत्र दाखवा. हा गृहस्थ रविवारी सकाळी सहाला हाफ पँटवर पार्किंगमध्ये हजर! कॉर्डलेस प्रेशर वॉशर बनवणाऱ्यांनी नवरे नावाच्या जमातीचा पक्का अभ्यास केलेला आहे.

जर्मनीतल्या कार्चर कंपनीने १९५० मध्ये गरम पाण्याचं प्रेशर वॉशर काढलं, ते धंदेवाल्यांसाठी. घरच्या माणसाच्या हातात ते पडायला १९८४ उजाडलं. पुढे २००५ मध्ये याच कंपनीने अमेरिकेत माउंट रशमोअरच्या डोंगरावर कोरलेल्या चार राष्ट्राध्यक्षांची तोंडं धुऊन काढली. मला धुवायची होती एक जुनी हॅचबॅक, बाल्कनीची जाळी आणि एसीचं बाहेरचं युनिट. पण माणसाने आदर्श मोठेच ठेवावेत.

वायरवालं मशीन आम्हाला चालणारं नव्हतं. पार्किंगमध्ये प्लग नाही, आणि तिसऱ्या मजल्यावरून एक्स्टेंशन बोर्ड खाली सोडला की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपला फोटो चढलाच म्हणून समजा. नळ आहे, पण त्याची हकीकत वेगळी. तेव्हा बॅटरीवालंच, आणि बादलीतून पाणी ओढणारं.

आम्ही दोघं पुण्यातल्या तपकीर गल्लीत गेलो. दुकानातल्या पोराने एक बॅटरी माझ्या तळहातावर ठेवली. तिच्यावर ठळक अक्षरांत ‘४८ व्हीएफ’. शेजारी तशाच अंगलटीची दुसरी, तिच्यावर ‘८८ व्हीएफ’.

“काका, ही घ्या, डबल पॉवर.”

काका! वॉशर हातात घेऊन मी मनाने पंचविशीत गेलो होतो, तो तिथेच परत आलो. शिवाय ते ‘व्हीएफ’ म्हणजे व्होल्ट नव्हेत. अशा बहुतेक बॅटऱ्यांच्या पोटात लिथियमचे पाच सेल रांगेने बसवलेले असतात. एका सेलचे ३.६ व्होल्ट धरले तर पाचांचे १८. पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ प्रमाणे २१. म्हणजे १८, २०, २१, ४८ आणि ८८ ही पुष्कळदा एकाच बाळाची पाच नावं असतात.

दाबाचंही तेच. हातातल्या वॉशरचा दाब २४ बार असेल तर खोक्यावर छापतात ३५० पीएसआय, कारण एका बारचे साडेचौदा पीएसआय होतात आणि गिऱ्हाइकाला मोठा आकडा आवडतो. गाडीच्या टायरमध्ये बत्तीसेक पीएसआय हवा असते, तेव्हा ३५० ऐकून मलाही भरून आलं. मी नोझल फिरवून बघत होतो, मनातल्या मनात नेम धरत होतो. तेवढ्यात बायकोने त्या दुकानातला एकमेव शहाणा प्रश्न विचारला.

“अहो, पण हे मिनिटाला पाणी किती सोडतं?”

पोराने खोकं उलटंसुलटं केलं. तीन लिटर.

सगळी गोम इथेच आहे. मळ निघतो तो नुसत्या दाबाने नाही. दाब गुणिले पाणी, असा तो हिशेब. २४ बार आणि तीन लिटर, गुणाकार ७२. प्लगवर चालणारं साधं घरगुती मशीन १०० बारने सहा लिटर फेकतं, गुणाकार ६००. आठपटीहून जास्त फरक, आणि तो कुठल्याही खोक्यावर छापत नाहीत. म्हणून कोणी सांगेल की या पिस्तुलाने कोकणातल्या घराच्या जांभ्याच्या पायऱ्यांवरचं चार पावसाळ्यांचं शेवाळ निघतं, तर त्याला चहा पाजावा आणि वाटेला लावावं. तिथे ब्लीचिंग पावडर, काथ्याचा ब्रश आणि गुडघे लागतात.

मग घ्यायचं कशाला? गाडीसाठी झकास. जाळीसाठी उत्तम. एसीसाठीही, फक्त आधी मेन स्विच बंद करून आणि धार पात्यांसमोर सरळ धरून; तिरकी मारली की ॲल्युमिनियमची ती नाजूक पाती लोळण घेतात. बाल्कनीतली कबुतरांची घाण मात्र कोरडी असताना उडवू नये. तिची धूळ फुप्फुसात जाते. ती आधी पाणी शिंपडून भिजवावी, तोंडाला मास्क लावावा. आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंना कपडे आत घ्यायला सांगावं, कारण या कामात गुरुत्वाकर्षण आपल्या बाजूने असलं तरी कमिटी काकूंच्या बाजूने असते.

आम्ही ते घेतलं. पाईपच्या टोकाला जाळीची जड गाळणी असते, ती बादलीच्या तळाशी बसवायची. घोडा दाबला की आधी पारदर्शक पाईपमधून एक बुडबुडा टणाटण उड्या मारत वर येतो, मशीन दोनदा खोकतं, आणि मग धार! चाकाच्या कमानीतला चिखल कॉफीच्या रंगाने ओघळू लागतो, तेव्हा जे सुख होतं ते पगारवाढीच्या पत्रातही नाही. मात्र पाणी चार बोटं उरलं की घोडा सोडावा. कोरडा चालला तर पंपाचं सील जळतं. बोअरचं पाणी असेल तर काम झाल्यावर ग्लासभर साधं पाणी ओढून नोझल धुवावं, नाहीतर क्षार आत घर करतात.

वीस लिटरची बादली सात मिनिटांत खाली. चार अँपिअर-अवरची बॅटरी साधारण वीस मिनिटं. म्हणजे तीन बादल्या आणि एक बॅटरी जवळपास एकदमच संपतात आणि गाडीही तेवढ्यात धुऊन होते. या यंत्राच्या बाबतीत एवढी एकच गोष्ट नीट जुळून आलेली आहे.

तुम्हाला घ्यायचं असेल तर घरात आधीच कॉर्डलेस ड्रिल आहे का बघा. त्याचीच बॅटरी बसेल असं वॉशर घ्या, बराच खर्च वाचतो. सील आणि नोझल सुटं मिळतं का विचारा. मिनिटाला किती लिटर, हे दुकानदाराकडून वदवून घ्या. आणि पैसे देण्याआधी आपल्या पार्किंगच्या नळाची किल्ली कोणाकडे असते, त्याची चौकशी करा. आमच्या नळाला कुलूप आहे, किल्ली सेक्रेटरींकडे असते, आणि ते एप्रिलपर्यंत मुलाकडे न्यू जर्सीला आहेत.