नवा फोल्डर का होत नाही? (नवशिक्यांसाठी, चित्रांविना)

ज्यांच्या टेबलावर विंडोजचा संगणक आहे आणि ज्यांचा भाचा सध्या फोन उचलत नाही, अशांसाठी ही मार्गदर्शिका आहे. चित्रं मुद्दाम दिलेली नाहीत. मार्गदर्शिकेतल्या चित्रात दिसतं तसं आपल्या पडद्यावर कधीच काही दिसत नाही, आणि मग वाचक स्वतःला दोष देत बसतो.

पूर्वतयारी. डेस्कटॉपवर रिकामी जागा शोधा. ज्यांना ती सापडणार नाही, त्यांनी नव्या फोल्डरचा विचार तूर्त पुढे ढकलावा. बाकीच्यांनी तिथे राइट क्लिक करून आधी 'न्यू' आणि मग 'फोल्डर' निवडावं. किंवा कंट्रोल, शिफ्ट आणि एन या तीन कळा एकदम दाबाव्यात. विंडोज सेव्हनपासून ही सोय आहे, पण ती ठाऊक असलेला माणूस सहसा दुसऱ्याला सांगत नाही.

काहीच दिसलं नाही? पुन्हा करू नका. फोल्डर झालेला असतो, पडद्याला फक्त त्याची खबर नसते. एफ-५ दाबा. लोक इथेच चुकतात: फोल्डर दिसत नाही म्हणून आणखी चारदा करतात आणि पडदा भानावर आला की पाच फोल्डर रांगेत उभे असतात. पहिल्याचं नाव नुसतं 'न्यू फोल्डर', दुसऱ्याचं 'न्यू फोल्डर (२)'. कंसातला एक कधीच नसतो, तो शोधू नका. डेस्कटॉपवरचं सगळंच गायब झालं असेल, तर राइट क्लिक करून 'व्ह्यू'मध्ये 'शो डेस्कटॉप आयकॉन्स'वरची खूण परत आणा. ती कुणी काढली, याची घरात चौकशी करून उपयोग होत नाही.

आता नाव. खरी लढाई इथे आहे.

समजा, गावच्या जमिनीची कागदपत्रं एकत्र ठेवायची आहेत. तुम्ही ऐटीत '७/१२' असं नाव टाइप करता. तिरकी रेघ उमटतच नाही, उलट एक फुगा वर येतो: पुढील चिन्हं नावात चालणार नाहीत. ती नऊ आहेत: \ / : * ? " < > | . महाराष्ट्रात सर्वाधिक सांभाळून ठेवला जाणारा कागद जगातल्या सर्वाधिक खपाच्या संगणक प्रणालीत स्वतःच्या नावाने राहू शकत नाही, ही गोष्ट महसूल खात्याच्या अजून लक्षात आलेली दिसत नाही. कारण असं की संगणकाच्या लेखी तिरकी रेघ म्हणजे 'च्या आत'. ७/१२ म्हणजे सात नावाच्या फोल्डरच्या आत बारा नावाचा फोल्डर. तसं पाहिलं तर तलाठ्याकडेही गाव नमुना सात हक्कांचा आणि गाव नमुना बारा पिकांचा, असे ते दोन निराळेच कागद आहेत. पण हा वाद संगणकाशी घालू नका. 'सातबारा' असं अक्षरी लिहा आणि पुढे चला.

याच कलमाखाली जावक क्रमांकही अडकतात. 'जा.क्र./आस्था/२३४/२०२४' असं नाव देणाऱ्यांनी रेघेऐवजी छोटी आडवी रेघ वापरावी. 'पाणीपट्टी भरली?' हे नावही नामंजूर. प्रश्न मनात ठेवा. नावाच्या शेवटचा टिंब मात्र संगणक न सांगता खाऊन टाकतो. 'जोशी आणि कं.' लिहिलंत, तर पेढीचं कं निव्वळ 'कं' होऊन बसतं.

कृतिदेवावर हात बसलेल्यांसाठी वेगळी सूचना. फोल्डरच्या नावाच्या जागी तो फाँट लागत नाही, म्हणून इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो, हे तुम्हाला माहीतच आहे. पण त्या कीबोर्डावर 'ध' काढायला सुरुवातीला तीच तिरकी रेघ लागते आणि 'ष' काढायला दुहेरी अवतरण. म्हणजे 'धान्य' आणि 'भाषण' या दोन्ही नावांचे फोल्डर तुमच्या हातून होणे नाही. युनिकोड घ्या. निवडणुकीच्या दिवसांत तर लगेच घ्या.

कॉलेजच्या ऑफिसात बसणाऱ्यांवर याहून गूढ संकट येतं. विद्यार्थ्यांचे पीआरएन क्रमांक एका जागी ठेवावेत म्हणून इंग्रजीत पी-आर-एन ही तीन अक्षरं टाइप केली की उत्तर येतं: दिलेलं उपकरणाचं नाव अवैध आहे. उपकरण कुठून आलं? ते १९८१ सालातून आलं. त्या साली आलेल्या डॉसमध्ये फोल्डर नव्हतेच, सगळ्या फाइली एकाच ढिगात असत. त्या ढिगात काही नावं यंत्राच्या भागांसाठी राखून ठेवलेली होती: पी-आर-एन म्हणजे प्रिंटर, सी-ओ-एन म्हणजे कीबोर्ड आणि पडदा, एन-यू-एल म्हणजे शून्य, जिथे टाकलेलं परत येत नाही. १९८३ मध्ये डॉसची दुसरी आवृत्ती आली आणि फोल्डर आले. पण जुने प्रोग्राम बिघडू नयेत म्हणून ती नावं प्रत्येक फोल्डरात राखीव राहिली, आणि विंडोजने तो वारसा निमूटपणे पुढे चालवला. जुन्या कचेरीतल्या कारकुनासारखा संगणक नियम तेवढा सांगतो. नियम कुणासाठी केला होता, ते त्यालाही विचारायचं नसतं.

ई-मेलच्या जमान्यात याच सी-ओ-एनवर एक फॉरवर्ड घरोघरी फिरला होता. एका भारतीयाने म्हणे शोध लावला की या नावाचा फोल्डर कुणालाच करता येत नाही, आणि बिल गेट्ससकट सगळ्या मायक्रोसॉफ्टला त्याचं कारण सांगता आलं नाही. कारण मायक्रोसॉफ्टच्याच कागदपत्रांत छापलेलं होतं. पण कागदपत्रं फॉरवर्ड होत नाहीत. उपाय सोपा आहे. 'पीआरएन' देवनागरीत लिहा. राखीव नावं फक्त रोमन लिपीत राखीव आहेत, मराठीला इथे पूर्ण मोकळीक आहे. अशी संधी वारंवार येत नाही.

नाव मंजूर झालं, तरी लांबी बघितली जाते. ड्राइव्हच्या अक्षरापासून शेवटपर्यंत सगळा पत्ता मिळून साधारण २६० अक्षरांत बसावा लागतो. इथे मराठी माणूस नाहक मार खातो, कारण संगणक काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडल्याची खूण सगळं सुटं मोजतो. 'लक्ष्मी' डोळ्यांना दोन अक्षरं, त्याला सात. त्यात 'अंतिम'च्या आत 'अंतिम सुधारित' आणि त्याच्या आत 'साहेबांनी पाहिलेले अंतिम सुधारित' असा वंशविस्तार चालूच राहिला, तर कुठल्या तरी पिढीत फोल्डर अडणारच. आतला बाहेर आणा, मगच वरचे काढून टाका. विंडोज टेनपासून ही मर्यादा सैल करता येते, पण ती कळ अशा ठिकाणी आहे की तिथवर पोहोचणारा माणूस नवशिका राहत नाही.

परवानगी नाही असं म्हणत असेल, तर तुम्ही बहुधा 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये घुसला आहात. बाहेर या. तिथे ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड लागतो, आणि ऑफिसात तो एएमसीवाल्याकडे असतो.

राहिले कॅमेऱ्याचं कार्ड आणि पेनड्राइव्ह. कार्डाच्या कडेला नखाएवढी एक खटकी असते; ती 'लॉक'कडे सरकली असेल, तर वर ढकला, तासाभराचा त्रास वाचेल. झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणल्यावर पेनड्राइव्हवरचे सगळे फोल्डर एक-दोन केबीचे शॉर्टकट झाले असतील, तर त्यांवर क्लिक करू नका. मूळ फोल्डर बहुतेक वेळा जागेवरच असतात, व्हायरसने फक्त लपवलेले असतात. आधी अँटीव्हायरस चालवा. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये 'ॲट्रिब' या आज्ञेपुढे वजा एच, वजा आर, वजा एस लावले की ते बाहेर येतात. आणि फोल्डरचं चित्र असलेल्या गोष्टीच्या 'टाइप' रकान्यात 'ॲप्लिकेशन' लिहिलेलं दिसलं, तर तो फोल्डर नव्हे. 'न्यू फोल्डर' याच नावाने एक व्हायरस आपल्याकडच्या सायबर कॅफेंमधून वर्षानुवर्षं फिरत होता, आणि लोक तो आपलाच समजून उघडत होते.

एवढं सगळं वाचून फोल्डर झाला असेल, तर आता एक विनंती. डेस्कटॉपवर आधीपासून उभे असलेले ते 'न्यू फोल्डर' एकेक करून उघडा. निम्मे रिकामे निघतील, ते काढून टाका. एखाद्यात लग्नाचे फोटो सापडतील, त्याला नाव द्या. नाव बदलायची कळ एफ-२. ती कीबोर्डाच्या वरच्या ओळीत आहे आणि तिच्यासाठी ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागत नाही.