मोबाईलचं सोवळं

वीस-बाविशीतली पिढी बातमीच्या बाबतीत भलती चोखंदळ. पेपर विकलेले, चॅनेल आरडाओरडा करणारे, सरकार तर काय, सरकारच! विश्वास फक्त इन्स्टाग्रामवरच्या एखाद्या 'भावा'वर. कारण तो गाडीत बसून थेट डोळ्यांत बघून बोलतो.

२०२० च्या सुरुवातीला कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो, अशी आवई उठली. पोल्ट्रीवाल्यांना कोंबड्या मातीमोल विकाव्या लागल्या, काहींनी तर फुकट वाटल्या. सरकारी खुलासे आले. पण ते पडले खुलासे, त्यांना पार्श्वसंगीत कुठलं? मग कागदावरून विषाणू घरात येतो म्हणून घरोघरचा पेपर बंद. (दिवसभर चार हातांत फिरणारा मोबाईल मात्र जन्मजात सोवळा.) एप्रिलमध्ये व्हॉट्सॲपने फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल, असा नियम केला. हुशार पोरांनी तो कॉपी-पेस्ट केला आणि वर 'स्वतः खात्री केलीय' अशी ओळ जोडली.

हीच मंडळी रात्री जेवताना वडिलांना समजावायची, "बाबा, ग्रुपवरचं काहीही खरं मानत जाऊ नका हो."

"बरं. मग काढा दिवसातून किती वेळा घ्यायचा?"

"थांबा, भावाचा व्हिडिओ बघून सांगतो."